पप्पांच्या डिकीतले चार वूफर

हॅलो?… हो, योकास्ताच. बोल येफ्री, पोचलात वर दफनभूमीत?… गाणं बंद पडलं? पप्पांच्या गाडीतलं? पप्पांच्याच दफनाला?…

लाल दिवा? अ‍ॅम्पवर?… शक्य नाही. तारा मी स्वतः जोडल्यात. दोन वूफर, चार-चार ओहमचे, मिळून दोन ओहम. त्या अ‍ॅम्पला दोनपर्यंतच झेपतं, त्याखाली नाही. तू काय हात लावलास?… येफ्री, खरं बोल.

…चार कुठून आले? तुझ्या गाडीतले काढून ह्यात घातलेस? आणि सगळे प्लसला प्लस, मायनसला मायनस?… वा रे शहाण्या! असे जितके जोडशील तितके ओहम कमी, हे किती वेळा सांगू? एकावर आणलंस त्याला! गरम होऊन बंद पडेल नाही तर काय!

नाही, तू ऐक! माणसं उन्हात शवपेटी धरून उभी आहेत आणि तुला आवाज दाखवायचाय? कोणाला, खालच्या गल्लीतल्या पोरांना?… ‘माझं बचाटाचं गाणं वाजल्याशिवाय मला कबरीत ढकलू नका.’ एवढं एकच मागितलं रे त्यांनी. तेवढंही तुला…

काय पुटपुटतोयस? मोठ्यानं बोल.

…आईला?

…इथे घरापर्यंत ऐकू यावं म्हणून?… अरे गाढवा, मग मला विचारायचं ना! पाय प्लास्टरात घेऊन सकाळपासून खिडकीशी बसलीय ती. कॉफीलासुद्धा हात लावला नाही.

रडू नकोस. नंतर रड. आधी अ‍ॅम्प बंद कर… केलास? आता तुझ्या दोन वूफरच्या तारा काढ. प्लस, मायनस, सगळ्या… टोकांना टेप लाव… हो, दोनच पुरे, माझ्यावर विश्वास ठेव. गाडी फिरव. डिकी घराकडे… मग फादरना म्हणावं, जरा सरका! ते काय पप्पांहून मोठे आहेत आज?

निवला का?… कर चालू. कुठला दिवा?… हिरवा? लाव मग. लाव!

…नाही. अजून काही नाही… इथे शेजारणीचा मिक्सर… अहो, बंद करा तो! …

थांब. बोलू नकोस.

…आई? ओळखलंस?

…येफ्री, गातेय रे ती. पूर्ण कडवं गातेय. ऐक, गाणं संपेपर्यंत पेटी आत घेऊ देऊ नकोस कोणाला… हो, तुझंच ऐकतील. ठेवते.