आंब्यावरनं कोण पडलं

नसरापूरच्या स्टँडवर डुलकी लागावी अशी दुपार होती. वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत अक्काबाईंनी डोळे मिटले होते, कान मात्र शेजारच्या बाकाकडं होते. तिथं रिटायर झालेले नागसेन मास्तर आणि त्यांची पुतणी सारिका मोबाईलवर वाकले होते.

“काका, तुमच्या ब्लॉगला प्लगिन जोडलं. आता कोण कुठनं वाचतंय ते दिसतं.”

“कुणी वाचत न्हाई. बंदच करणार हाय मी.”

“पुण्याचे सातजण आलेत. आन् मस्कतचा एकजण रोज दुपारी येतो. ‘आमचा आंबा’ तेवढंच पान उघडतो.”

“मस्कत?”

“धाकले काकाच. तिकडं आपलं दुसरं कोण हाय?”

“जेवायची सुट्टी असंल त्याची. तिकडं आंब्याची सावली कुठली...”

“फोन लावू?”

“नको. नऊ वर्सं उचलला न्हाई त्यानं. वाचणाऱ्याला खाली चार ओळी लिहायची सोय हाय का गं?”

“हाय की.”

“मग त्या पानावर बदल कर. आंब्यावरनं पडून हात मोडला तो धाकल्याचा.”

“काका, पडला होता तुमी. तुमीच लिहिलंय.”

वेल्ह्याची एसटी लागली. अक्काबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले.

“खरं लिहिलं तर तो गप वाचून जातो. खोट्यावर गप बसायचा न्हाई.”

“भांडतील ते.”

“भांडू दे की. आन् झाडाखाली तो मोठ्यानं रडत होता, हेबी घाल.”