डबीतल्या अर्ध्या गोळ्या

चिंतामणी : मी तुझी झडती घेत नव्हतो, सूनबाई. वजनकाट्याचे सेल संपले म्हणून खालचा ड्रॉवर उघडला.

वल्लरी : सेल वरच्या खणात असतात, अप्पा.

चिंतामणी : ते नंतर कळलं. त्याआधी ही डबी हाती लागली. अकरा अर्ध्या गोळ्या आहेत हिच्यात.

वल्लरी : हळू बोला. इरा आत्ताच झोपलीये.

चिंतामणी : हळूच बोलतोय. रात्रीची गोळी तू तिला अर्धीच देतेस?

वल्लरी : अकरा दिवस झाले.

चिंतामणी : डॉक्टरांनी सांगितलं?

वल्लरी : नाही.

चिंतामणी : शार्दूलला ठाऊक आहे?

वल्लरी : त्यांना कसं असणार? आठवडाभर पिथमपूरच्या कारखान्यात, शनिवारी घरी. अप्पा, माझी शाळेतली नोकरी सुरू झाली म्हणून तुम्ही धारचं घर बंद करून इथे देवासला येऊन राहिलात. मी नसताना तिचं सगळं तुम्ही बघता. तुमचे उपकारच आहेत. पण हे एक माझ्यावर सोडा.

चिंतामणी : चार महिने मी त्या पोरीचं पनीर ग्रॅमवर मोजतोय. सतरा म्हणजे सतरा. लोणी, साय, खोबरेल तेल. पोळी नाही, भात नाही, साखरेचा कण नाही. वाटीला चिकटलेली सायसुद्धा चाटून संपवायला लावतो, कारण तूच सांगितलंस, एक चमचा राहिला तरी प्रमाण बिघडतं. आणि गोळी मात्र सुरीने अंदाजाने मोडायची?

वल्लरी : त्या जेवणानेच फरक पडलाय ना. आधी दिवसातून आठ-आठ झटके यायचे. आता पाच महिने एकही नाही. पाच महिने, अप्पा. मग गोळी कशाला? डॉक्टर म्हणतात, दोन्ही चालू ठेवा, पुढच्या तपासणीला बघू. त्यांनी इराला दहा मिनिटं बघायचं. मला तिला रोज बघायचं असतं.

चिंतामणी : काय बघतेस तू?

वल्लरी : सहा वर्षांची मुलगी, तिला मैत्रिणीचं नाव आठवत नाही. शेजारची गुड्डी दारात येऊन उभी राहते आणि ही नुसती बघत बसते. वर्गात बाकावर डोकं टेकवून झोपते. तिची मॅडम मला म्हणाली, बच्ची थोड़ी स्लो है, मॅम. मी स्वतः टीचर आहे, अप्पा. हाच शब्द मी आजवर किती आयांना सांगितला असेल. त्या दिवशी कळलं तो कसा लागतो.

चिंतामणी : अर्ध्या गोळीने फरक पडला?

वल्लरी : तुम्हीच सांगा. परवा गॅलरीत उभी राहून तुम्हाला काय विचारत होती?

चिंतामणी : टेकडीवर देवी आधी आली की पायऱ्या आधी आल्या.

वल्लरी : चार महिन्यांत असा एक तरी प्रश्न विचारला होता तिने तुम्हाला?

चिंतामणी : नाही.

वल्लरी : तर मग. सच्ची सांगू? मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. माझी मुलगी परत येतेय असं वाटलं मला.

चिंतामणी : आज सकाळी तिच्या हातातला चमचा उडाला.

वल्लरी : सुटला.

चिंतामणी : सुटला नाही. खांद्यापासून हात झटकला. तूही पाहिलंस. पाहिलंस आणि वळून नळ सोडलास.

वल्लरी : झोपेत होती ती.

चिंतामणी : ही कितवी वेळ?

वल्लरी : अप्पा, प्लीज.

चिंतामणी : कितवी, वल्लरी?

वल्लरी : तिसरी. कालपासून.

चिंतामणी : डॉक्टरांना फोन लाव.

वल्लरी : ते म्हणतील, पूर्ण गोळी सुरू करा. मग ती पुन्हा तशीच होईल, झोपाळू, गप्प. तुम्ही आजोबा आहात, तुम्हाला माया आहे, मला माहितीये. पण पोटच्या मुलीला असं विझताना बघणं काय असतं, ते तुम्हाला—

चिंतामणी : मलाही मुलगी होती.

वल्लरी : हो. वैभवीताई. सॉरी, अप्पा. माझ्या लक्षात नाही राहिलं. त्यांचा मोरीत पाय घसरला होता ना?

चिंतामणी : पाय घसरला नव्हता.

वल्लरी : मतलब?

चिंतामणी : बैस तू. मला उभ्याने सांगता यायचं नाही. वैभवीला मिरगी होती. तेराव्या वर्षापासून.

वल्लरी : काय बोलताय तुम्ही?

चिंतामणी : आम्ही तेव्हा कुक्षीला होतो, मी ट्रेझरीत. दर दोन महिन्यांनी तिला बसने इंदूरला न्यायचो. शेजाऱ्यांना सांगायचो, डोळे तपासायला. गोळी लागू पडली होती. सहा वर्षं काही झालं नाही तिला. पण त्या गोळीने हिरड्या सुजायच्या. हसली की हिरड्याच दिसायच्या. म्हणून ती ओठ मिटून हसायला शिकली होती. आणि मंद झाली होती. सुईत दोरा ओवायला बसली की बसलेलीच.

वल्लरी : शार्दूलना माहितीये हे?

चिंतामणी : तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला आम्ही काही सांगितलं नाही. पुढे ऐक. तिला बाविसावं लागलं आणि मनावर गावचं एक स्थळ आलं. चांगली माणसं. मुलगा कॉलेजात शिकवायचा. दोन आठवड्यांनी, गुरुवारी बघायला येणार म्हणून ठरलं. आणि मी गोळी बंद केली.

वल्लरी : तुम्ही?

चिंतामणी : मीच. तुझ्या सासूबाई नको म्हणत होत्या. मी म्हणालो, विनोदिनी, सहा वर्षं काही झालेलं नाही, आजार गेलेला आहे, नुसती सवय म्हणून देतोय आपण. महिनाभर थांबवू. हिरड्या उतरतील, पोर जरा तरतरीत दिसेल. लग्न झालं की पुन्हा सुरू करू. मी कोणा वैद्याला विचारलं नाही. मला वाटलं, बाप आहे, मला कळतं.

वल्लरी : मग?

चिंतामणी : तरतरीत झाली. अगदी तू म्हणतेस तशी. पहाटे उठून अंगणात शेजारणींशी बोलत उभी राहायची. मला म्हणाली, अप्पा, डोक्यावरचं ओलं घोंगडं कोणी काढून घेतल्यासारखं वाटतंय. मी विनोदिनीला म्हणालो, बघ.

वल्लरी : किती दिवस?

चिंतामणी : बारा. मंगळवारी सकाळी न्हायला गेली. आतून कडी. मोरीत पाण्याचा हौद होता, कमरेएवढा. मी दार तोडलं तेव्हा ती हौदात वाकलेली होती. पाय जमिनीवरच होते.

वल्लरी : अप्पा. पाणी देऊ?

चिंतामणी : नको. एक राहिलंय, तेही ऐक. त्या दुपारी मी चौकातल्या पीसीओवर गेलो आणि मनावरला फोन केला. त्यांना म्हणालो, मुलीला ताप आलाय, गुरुवारी येऊ नका, पुढच्या आठवड्यात या. का म्हणालो, आजही सांगता येत नाही. तिथून जे खोटं सुरू झालं ते चालूच राहिलं. पाय घसरला म्हणालो, सगळ्यांनी मान्य केलं. विनोदिनी जाईपर्यंत आम्ही दोघं त्यावर बोललो नाही.

वल्लरी : थांबा. इराच्या पहिल्या झटक्यानंतर आपण इंदूरच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला हा आजार आहे का, होता का.

चिंतामणी : हो.

वल्लरी : तुम्ही तिथेच होतात.

चिंतामणी : तुझ्या शेजारच्या खुर्चीत. तू म्हणालीस, नाही, कोणालाच नाही. आणि मी मान हलवली.

वल्लरी : दोन वर्षं झाली त्याला.

चिंतामणी : तू मला काहीही बोल. फक्त आधी फोन लाव.

वल्लरी : लावते. (आत जाऊन फोन करून येते.)

चिंतामणी : काय म्हणाले?

वल्लरी : मी सगळं सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आज रात्रीपासून गोळी ठरल्याप्रमाणे पूर्ण. उद्या सकाळी घेऊन या, रक्ताची तपासणी करू. तोपर्यंत तिला एकटी सोडू नका, पाण्याजवळ तर नाहीच. मोठा झटका आला तर नाकातला स्प्रे द्या, पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखान्यात.

चिंतामणी : आणि वैभवीचं?

वल्लरी : ते मी नाही सांगितलं. ते तुम्ही सांगाल. आधी शार्दूलना, मग डॉक्टरांना.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. भाड्याची गाडी इंदूरहून देवासकडे निघाली आहे. मागच्या सीटवर इरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आहे.)

इरा : आई, आजोबा डॉक्टरांशी एकटेच का बोलत होते?

वल्लरी : त्यांना काही सांगायचं होतं बाळा.

इरा : त्यांनापण सुई टोचली?

चिंतामणी : नाही गं. मला नाही टोचली.

इरा : मला दुखलं नाही. थोडंसंच.

वल्लरी : शहाणी आहेस. झोप आता.

चिंतामणी : (थोड्या वेळाने) झोपली?

वल्लरी : झोपली. काय म्हणाले डॉक्टर तुम्हाला?

चिंतामणी : सगळं लिहून घेतलं. तिचं वय, झटके कसे यायचे, कोणती गोळी. म्हणाले, आणखी एक तपासणी करावी लागेल, आजार घराण्यातून आलाय का ते रक्तातनं कळतं. आधी सांगितलं असतं तर उपचार फार वेगळे झाले असते असं नाही, पण सांगायला हवं होतं. मी म्हणालो, हो.

वल्लरी : मला म्हणाले, तुम्ही सुस्तीबद्दल बोलला असतात तर आम्ही तेव्हाच विचार केला असता. गोळी कमी करता येते, पण हळूहळू, महिनोन् महिने, त्यांच्या नजरेखाली. जेवण असंच चालू ठेवायचं. पुढच्या महिन्यात मेंदूचा आलेख काढतील, मग ठरवतील. तोपर्यंत ती अशीच राहील. झोपाळू.

चिंतामणी : एक महिना.

वल्लरी : निदान एक महिना. मी मोजणार आहे. शार्दूल काय म्हणाले काल संध्याकाळी? तुम्ही बराच वेळ फोनवर होता.

चिंतामणी : मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, अप्पा, मला माहीत होतं.

वल्लरी : माहीत होतं?

चिंतामणी : म्हणाला, ताईच्या गोळ्या दुकानातून मीच तर आणायचो. चिठ्ठी घेऊन मला पाठवायचात, आणि मला माहीत नसेल? मग आणायला सांगायचं बंद केलंत, तेही मला कळलं होतं.

वल्लरी : देवा.

चिंतामणी : आणखी आहे. त्या मंगळवारी तो मोरीच्या दाराशी उभा होता. शाळेत जायचं होतं, त्याचा नंबर तिच्यानंतर. आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. त्याला वाटलं, आपण घाई करतोय म्हणून ताई चिडून आदळआपट करतेय. तो तिथेच दात घासत उभा राहिला. मग म्हणाला, अप्पा, मी पटकन हाक मारली असती तर. सव्वीस वर्षं पोरगा हे धरून बसलाय. मला वाटत होतं, मी एकटाच.

वल्लरी : मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते का नाही बोलले? तेही होते तिथे.

चिंतामणी : तो म्हणाला, तुम्ही मान हलवलीत, मग मी काय बोलणार.

वल्लरी : मी तुम्हा दोघांच्या मधे बसले होते. माझ्या एका बाजूला तुम्ही, एका बाजूला ते.

चिंतामणी : हो.

वल्लरी : मला तुमचा राग आलाय, अप्पा. दोघांचा. माझा स्वतःचाही आलाय, पण तो वेगळा. जाईल कधी ना कधी. आज आहे.

चिंतामणी : असू दे. मी धारला परत जाऊ का? तुला नको असेल तर.

वल्लरी : उद्या साडेसातला माझी शाळा आहे. नऊला इराला काय द्यायचं?

चिंतामणी : पनीर सतरा, लोणी बावीस, काकडी दहा.

वल्लरी : मग कुठे जाताय?

चिंतामणी : शार्दूल आज येतोय. सुट्टी टाकलीये त्याने.

वल्लरी : माहितीये. त्यांचा मेसेज आला. लिहिलंय, अप्पांना एकटं सोडू नकोस.

चिंतामणी : क्षिप्रेचा पूल मागे गेला वाटतं.

वल्लरी : आत्ताच गेला. अप्पा, लग्नाला दहा वर्षं झाली मला. वैभवीताईंचा धारला एक फोटो बघितलाय, बस. आणि आता त्यांचा आजार माहीत झाला. त्या कशा होत्या, ते मला कोणी सांगितलंच नाही.

चिंतामणी : कशी म्हणजे? काय सांगू.

वल्लरी : काहीही. आजार सोडून.

चिंतामणी : तिला पोह्यातले शेंगदाणे आवडायचे नाहीत. एकेक वेचून माझ्या बशीत ठेवायची.