टिपणीसबाईंची कॉफी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले कारखाना व्यवस्थापक माननीय शरदचंद्र साहेब. हाराच्या ओझ्याखाली अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती सुहासिनीबाई टिपणीस. युनियनची मंडळी आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरहून आलेल्या बंधुभगिनींनो, नमस्कार.

खरं सांगू? थकलो मी. ब्याण्णव साल उजाडल्यापासून या हॉलमध्ये इतके निरोप झाले, की हारवाला आता फक्त नाव विचारतो. दर वेळी युनियनतर्फे मी ‘पुढील आयुष्य सुखाचे जावो’ म्हणतो आणि घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. आज तसं नको. आज कॉफीवर बोलतो. साहेब, पाच मिनिटं द्या.

स्वीडनच्या एका राजाची गोष्ट सांगतात. कॉफी विषारी आहे हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यानं दोन कैद्यांची फाशी रद्द केली. एकाला रोज चहा, दुसऱ्याला रोज कॉफी, आणि कोण आधी मरतो बघायला दोन डॉक्टर बसवले. आधी डॉक्टर गेले, मग राजा गेला, मग चहावाला. कॉफीवाला आपला पीतच होता! जर्मनीतल्या प्रशियाच्या राजानं तर चोरून कॉफी भाजणारे पकडायला गल्लोगल्ली वास घेत फिरणारे शिपाई नेमले होते म्हणे.

आपल्याकडे शिपाई नेमावे लागले नाहीत. आपण सगळेच वास घेत होतो. कामावरून कमी केल्याचं सांगायचं काम पर्सोनेल खात्याच्या टिपणीसबाईंकडे. बाई म्हणायच्या, “अहो, घरी पाहुणा आला तर आपण कॉफी टाकतो. इतकी वर्षं राबलेल्या माणसाला कँटीनच्या कटिंगवर कसं घालवू?” म्हणून त्या हॉटप्लेटवर दुधातली, जायफळ घातलेली कॉफी स्वतः करायच्या. त्यांची माया, पण आमची मात्र गाळण उडायची. पॅसेजमध्ये जायफळाचा वास आला की माणसं कुजबुजायची, “आज कोणाचा नंबर?”

आणि मग वैशाखात आपले स्टोअरचे दिनानाथ, कुळगावचे, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन बाईंकडे गेले. संकष्टीचा उपास, चेहरा उतरलेला. घरचं आमंत्रण घेऊन आलेला माणूस म्हणून बाईंनी कौतुकानं कॉफी केली. कप समोर आला आणि दिनानाथांनी हातच जोडले. “बाई, पोरीचं लग्न तेवढं होऊ द्या हो. मग सांगा.”

“अहो, तसं काही नाही, ही नुसती कॉफी आहे,” बाई सांगत राहिल्या. कोण विश्वास ठेवणार? ‘काढलं’ म्हणवून घेण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, म्हणून दिनानाथ तडक साहेबांकडे गेले आणि राजीनामा देऊन आले. साहेबांना वरून एक माणूस कमी करायचा हुकूम होताच. त्यांनी राजीनामा ठेवून घेतला. साहेब, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हीही थकलेलेच आहात.

दुसऱ्या दिवशी दिनानाथांना निरोप गेला, की गैरसमज झाला, कामावर या. तो गैरसमज दूर कसा झाला, हे कोणी विचारलं नाही. बाईंनी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं, “माणूसच कमी करायचाय ना? मी जाते. त्यांचा कागद फाडा.” बाईंची अजून चार वर्षं बाकी होती. नोटीसबोर्डावर लागलं, ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. बाईंची प्रकृती ठणठणीत आहे हो! आजही त्या स्टेशनपासून चालत आल्यात.

हे बोलायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ती मोडली. बाई, रागवा, पण गप्प राहायचाही आता कंटाळा आलाय.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. जिभेनं कुठे मर्यादा सोडली असेल, तर वयाकडे बघून पोटात घाला.

आणि दिनानाथ, तुम्ही उठू नका. बसा. डोळे पुसा. सोमवारी तुमची पहिली पाळी आहे.