पालथी पाती

धोंडूबाई: देवीपुढं नारल फुटायचा नाय. आधी उजेड दाखव.

नंदू: दाखवतोय ना, मावशी. चाक फिरतंय की नाही?

धोंडूबाई: फिरतंय. पन बल्ब मेलाय. गनू, तू पन सामील हायस याला?

गणू: शप्पत नाय, आये. यो सायकलचा डायनामो हाय. झऱ्याचं पानी पायपातनं चाकावर पडतं, चाक जोरात फिरलं की बल्ब लागतो. जोरच येत नाय.

धोंडूबाई: तुझ्या तुर्भ्याच्या कंपनीतला हा दोस्त. मिशा पिकल्या, खोड्या नाय गेल्या. गेल्या साली देवीच्या मागं टेपरेकॉर्डर लपवला यानं. देवी बोलली म्हनून मी पाया पडले.

नंदू: पण देवी खोटं बोलली का? ‘धोंडू, घरी कालवण उतू गेलं,’ म्हणाली. गेलं होतं ना?

धोंडूबाई: गेलं होतं. म्हनून तर जास्त राग हाय. आता तलवलीच्या बाया आरतीला डोंगर चढतील. मी सगल्यांना सांगून बसलेय, देवीकडं लाइट आली म्हनून. आज फसवलंस तर माझ्या घरचं कालवन तुला कायमचं बंद.

नंदू: बोंबलाचं पण?

धोंडूबाई: बोंबलाचं पयलं.

नंदू: गण्या, मॅटर सीरियस झाला. पत्र्याची सपाट पाती होती तेव्हा बल्ब लाल तरी व्हायचा.

गणू: तेव्हा पानी आपटून चहूकडं उडायचं, अर्धं माझ्या तोंडावर. तूच बोल्लास, सपाट नको, गोल पायजे.

नंदू: म्हणून तर पीव्हीसीचा पाइप उभा चिरला. एक नंबर पन्हळी निघाल्या. बसवल्या कोणी?

गणू: मी. एकदम बरोबर. बघ, फुगीर पोट पान्याकडं.

नंदू: पोट का पाण्याकडं?

गणू: का म्हंजे? होडीचं कसं असतं? पानी पोटावरनं सटकन घसरलं पायजे. आजापासून खाडीत हाय आमी, मला शिकवतोस?

नंदू: अरे, होडीला पाणी चुकवायचं असतं. इथे पाण्याला पकडायचंय. तू चाकाची होडी केलीस, मेरे बाप. हात पुढे कर. तीर्थ घेतोस तसा. धर पायपाखाली.

गणू: आयला. ढकलतंय की हात.

नंदू: आता पालथा कर.

गणू: नुसतं ओघलून जातंय.

नंदू: सपाट पातं त्या दोघांच्या मधलं. खोलगट पातं पाणी ओंजळीत घेतं, वळवून मागे फेकतं, म्हणून धक्का जास्त. चल, नट काढ सगळे.

गणू: नट कशाला? आख्खं चाक काढू, तोंड फिरवून परत बसवू. पाती आपोआप उलटी.

नंदू: कधी कधी तू हुशार वाटतोस. पाना दे.

धोंडूबाई: बाया दिसायला लागल्या वलनावर.

नंदू: टेन्शन घेऊ नका, मावशी. गण्या, सोड पाणी.

(चाक घरघरतं. बल्ब लाल होतो, मग पिवळा, मग लख्ख.)

धोंडूबाई: सरक. देवीच्या मागं काय हाय?

नंदू: काही नाही. बघा हवं तर.

धोंडूबाई: खिसं उलटं कर. आनि कमरेला हे काय वाजतंय?

नंदू: पेजर आहे, मावशी. बायको विचारतेय, जेवायला येणार का.

धोंडूबाई: कालवनाचं ठरल्यावर सांग तिला. ह्या तारा कुठं जातात?

गणू: डायनामोतनं देवीपुढच्या बल्बला, आये. बॅटरी नाय कुठं.

धोंडूबाई: थांब. पायपाचं तोंड मी दाबते.

गणू: गेला बल्ब.

धोंडूबाई: सोडते आता.

गणू: लागला.

धोंडूबाई: परत.

नंदू: पुरे, मावशी. खालून बायांना वाटेल, देवी डोळे मिचकावतेय.

धोंडूबाई: खालून दिसतंय इतकं?

गणू: दिसतंय. चांगुणाबाई थांबली बघ. हात जोडलेत तिनं.

धोंडूबाई: असं? मग बसायची ती चादर टाक पायपावर, तोंड माझ्या हाताशी राहू दे. नारल त्या आल्यावर. नंदू, माझ्या बाजूला बस, आनि मी हसेपर्यंत हसायचं नाय.