आठ पिपं आन जीपगाडीचं इंजन

…आन वरून समदे मलाच बोलून राह्यले! "कडूबा, गपगुमान बांबूनं ढकलत व्हतास, काय वाईट व्हतं?" अवो, काय वाईट व्हतं म्हंजे? तुमाला सांगतो, आमचं गाव गोदावरीच्या काठाला, शहागडच्या वर दोन कोस. पावसाळ्यात रस्त्याची काळी माती अशी, की बैल आत जातो आन नुस्ती शिंगं बाहीर राहतेत. मंग मानसं जायची कशी? माझ्या तराफ्यावर! डांबराची आठ रिकामी पिपं, चार हिकडं, चार तिकडं, वर बाभळीच्या फळ्या, आन मागं मी, बांबू घेऊन. दोन कोसाला दोन तास! म्हशी पोहत पोहत आमच्या फुडं जायच्या, आन वळून बघायच्या… येऊन राह्यले का न्हाई म्हनून!

तर ते बी चाललं असतं. पन माझी धाकटी बहीन, बेबीनंदा. डीएड झाली, आमच्या वस्तीतली पहिली पोरगी! तिला औरंगाबादेहून मास्तरणीच्या मुलाखतीचं पत्र आलं. कोंबड्याला उठून निघालो, मी बांबू मोडंपर्यंत ढकललं, आन शहागडच्या घाटाला लागलो तव्हा वर सडकंवरून यष्टी धूर सोडत चाललेली. बेबी धावली. चप्पल हातात घेऊन धावली. यष्टी थांबली न्हाई. परत येताना दोन कोस पोरगी माझ्याकडं पाठ करून बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं वो! नुस्ते खांदे हालून राह्यलेले.

मंग महिन्याभरानं पुन्यांदा पत्र आलं. शेवटची संधी. मी म्हनलं, आता तराफा पळला पायजे! यात माझं काय चुकलं, सांगा बरं!

तर धुळाजी. धुळाजी म्हंजे आमच्या गावचा इंजनवाला. विहिरीवरलं कोंचं बी इंजन बंद पडलं की त्याला बोलवतेत, त्यानं बघितलं की ते कायमचं बंद पडतं. त्यानं भंगारातून जीपगाडीचं इंजन आनलं. मी म्हनलं, धुळाजी, हे जमिनीवरलं हाय. तर म्हनतो, "कडूबा, इंजनाला काय कळतं, खाली काय हाय?"

बसवलं. मागं लांब दांडा, दांड्याला पत्र्याचा पंखा. चालू केलं… आवाज चाळीस मैलाचा, चाल चार मैलाची! पिपाफुडं पान्याचा ढीग व्हायचा, आन तराफा त्यो ढीग लोटत बसायचा. धुळाजी काठावर उकिडवा बसला, इडी ओढली, आन म्हनतो, "पिपाच्या मधी पानी अडकतंय. तराफा पान्यातून न्यायचा न्हाई, पान्यावरून न्यायचा. उठवायचा!" म्हनलं, उठवायचा म्हंजे? "पोरं चपटा खडा फेकतेत का न्हाई नदीत? टप टप टप जातो. तसा!" मी म्हनलं, खडा शेवटी बुडतो ना रे! तर म्हनतो, "तवर शहागड येतं."

तुमाला सांगतो, मानूस येडा असला तरी बोलनं बराबर व्हतं! पिपाखालून अख्खा पत्रा मारला, म्होरं वहाणंच्या शेंड्यावानी वर वळवला, खालून दोन्ही अंगाला लोखंडी पट्ट्या, लांबच्या लांब. माझी कारभारीन मालनबाई कमरंवर हात ठेवून बघून राह्यलेली. म्हनली, "घराचं छप्पर गळतंय तिथं पत्रा न्हाई, आन पान्याला छप्पर घालून राह्यले!" आता बहिनीच्या नोकरीसाठी करतो मानूस. यात माझं काय चुकलं?

मुलाखतीचा दिवस आला. पितरपाटाचे दिवस, नदी भरून चाललेली. बेबी पांढरं लुगडं नेसून, कागदं प्लाष्टिकात गुंडाळून बसली. आईनं कपाळावरून हात फिरवला, जय भीम झालं, मी दोर सोडनार, तितक्यात… "थांबा थांबा! मला बी यष्टी धरायची!" आबाराव! आमच्या गावातलं समद्यात वजनदार मानूस. इज्जतीनं बी, आन अंगानं बी! नको कसं म्हनावं वयस्कर मानसाला? बसले. इंजनाशेजारी, मागं.

धुळाजीनं इंजन पेटवलं. तराफ्याचं म्होरलं तोंड गेलं आभाळाकडं, मागली पिपं गेली पाताळात, आन आमी जाग्यावरच! बेबी म्हनली, "दादा, वजन मागं हाय." पोरगी शिकलेली! म्हनली, "आबाराव मामा, एक पाऊल फुडं या." आबाराव एक पाऊल सरकले. तोंड जरा खाली आलं. "अजून एक." अजून खाली. "आता आडवे व्हा, मामा." आबाराव म्हनले, "आडवा? मी?" पन झाले बिचारे, पोटावर, म्होरल्या टोकाला…

आन उठला! अवो, उठला बिलकुल! पिपाफुडला ढीग सपाट झाला, पानी खाली खडखड वाजाया लागलं, आन तराफा सुटला ना! काठावरल्या बाभळी उलट्या पळाया लागल्या. आबारावचा फेटा सुटला, दहा हात मागं फडफडून राह्यला, आन ते तोंडात पानी घेत वरडतेत, "कडूबा! हळू! सुनंनं सांगितलंय हळू जा म्हनून!" धुळाजी रडून राह्यला, "उठला रे, उठला!" आन बेबी हसत व्हती वो… कागदं छातीशी धरून, तोंड वाऱ्याला करून खदाखदा हसत व्हती. लहानपनी हसायची तशी. मला वाटलं, होऊ दे खर्च, बसू दे शिव्या.

शहागडचा घाट दिसला. म्हनलं, धुळाजी, बंद कर. तर म्हनतो, "कसं?" अरे, कसं म्हंजे? म्हनतो, "वायरी जोडून चालू केलंय, त्या इंजनाखाली गेल्या! गरम हाय, हात कोन घालील?" चालू करायचा विचार समद्यांनी केला, थांबायचा कुनीच केला न्हाई!

आन घाटावर कोन? बाया! नवरात्राच्या आदी घरातल्या समद्या गोधड्या धुवून वाळूत वाळत घातलेल्या, आन त्यांच्या म्होरक्या गोपिकाबाई, सातशे मेंढ्यांना एका हाकंत वळवनारी बाई. "एऽऽऽ!" म्हनून वरडली. मेंढ्या वळल्या असत्या, तराफा कशाला वळतो? बाया पळाल्या, तराफा पानी सोडून वाळूत, वाळूतून गोधड्यात! एक गोधडी गुंडाळली, दुसरी गुंडाळली, सातवीला पंखा अडकला आन इंजन गचकलं.

गोधड्यांच्या ढिगाऱ्यातून आबाराव निघाले. अख्खे! गोपिकाबाई काठी घेऊन आली. "कुनाच्या लगनाची घाई झाली रं?" तर बेबी उतरली, लुगडं झटकलं, म्हनली, "मावशी, नोकरीची मुलाखत हाय." गोपिकाबाईनं तिच्याकडं बघितलं, काठी खाली घेतली. म्हनली, "मंग पळ की माय! या दोघांचं मी बघती."

बघितलं तिनं. बराबर बघितलं. इसावर गोधड्या, मी आन धुळाजीनं दिवस कलंपर्यंत पुन्यांदा धुतल्या, आन ती दगडावर बसून सांगायची, "त्यो कोपरा राह्यला." बेबीला यष्टी मिळाली का? अवो, यष्टी यायला दीड तास अवकाश व्हता!

पंधरा दिवसांनी हुकूम आला. पोरगी लागली! आईनं गावभर साखर वाटली, मालनबाई रडली, आबाराव स्वतः येऊन पाठ थोपटून गेले, माझी न्हाई, बेबीची. मी म्हनलं, बेबे, वाच, कोंची शाळा? शहागड असली तर रोज वीस मिन्टात सोडतो, आता थांबायचं बटन बी बसवलंय. तिनं वाचलं. पुन्यांदा वाचलं. आन म्हनली, "दादा… आपल्याच गावची शाळा."

आमच्या दारापास्नं साठ पावलं! आता तुमीच सांगा, साठ पावलाला इंजन कुठं बसवू?