जाळीचा अंतरपाट

आमचं घराणं फुलवाल्यांचं. नांदेडात अब्बांचं दुकान होतं, त्याच्या आधी दादांचं, म्हणजे आजोबांचं, आणि आमच्या हातचा हार पडल्याबिगर हदगावच्या पाटलांच्या घरात एक लग्न लागलं न्हाई, हे मी सांगत न्हाई, पाटील स्वतः सांगतात, म्हणजे सांगायचे. आमच्यातलं लग्न असलं तर सेहरा आम्ही, हिंदूंचं असलं तर मुंडावळ्या आम्ही. मी बशीर. वय लिहू नका, मिशी काळी हाय एवढं लिहा.

आता सारिकाचं ऐका. शिरूर अनंतपाळची पोरगी, माझ्याच दुकानात बसून फुलाला गाठ मारायला शिकली. निशिगंधाच्या देठात सुई कशी घालायची, मोगरा ओल्या फडक्यात कसा निजवायचा, सगळं मी दाखवलं. मग लातूरला गेली, ऑफिस टाकलं, आणि आता ती फुलवाली न्हाई, स्टायलिस्ट हाय. काय सांगू तुम्हाला, तो शब्द ऐकला की माझं जेवण कडू होतं.

गेल्या हिवाळ्यात पाटलांच्या श्वेताचं लग्न निघालं. साठच माणसं, आणि तेही गावात न्हाई, उदगीरच्या बाजूला तळ्याकाठी निजामाच्या वेळचा दगडी बंगला हाय, त्याचं हॉटेल केलंय, तिथं. पाटलांचा फोन आला तसा मी मनातल्या मनात मांडव उभा करून टाकला, झेंडूचं तोरण कमानीला, गुलाब खांबांना. तर ते म्हणतात, बशीरभाई, सजावट सारिकाला दिलीय, श्वेताचा हट्ट, तुम्ही मुंडावळ्या तेवढ्या करा. तेवढ्या. हा शब्द मी दोन दिवस चघळून राहिलो.

आदल्या संध्याकाळी मुद्दाम लवकर गेलो, बघायला की पोरगी कुठं चुकून राहिली. आणि बघतो तर काय, पितळी घंगाळांत फुलं न्हाईत, पऱ्हाट्या. हाव, कपाशीच्या पऱ्हाट्या, पांढरी बोंडं फुटलेल्या, जे वाळलं की आमच्याकडं बाया चुलीत घालतात. मी म्हटलं, सारिके, सरपण लई आणलंस, स्वैपाक इथंच करायचा का? ती हसली, म्हणाली, चाचा, पाटलांच्याच रानातल्या हायत. तेवढ्यात पाटील आले, एक बोंड हातात धरलं आणि उपरण्यानं डोळे पुसून गेले. चाळीस वर्षं त्या घराला गुलाब पुरवले आम्ही, गुलाबाला कुणी रडलं न्हाई. मला ते का सुचलं न्हाई, हे तुम्ही विचारू नका, माझी बायको रोज विचारती.

मग मला ती चूक सापडली, आणि काय गार वाटलं. अंतरपाट जाळीचा होता. अंतरपाट कशाला असतो, मुहूर्ताच्या आधी नवरानवरीनं एकमेकांचं तोंड बघू नये म्हणून, आणि हिनं आणली मच्छरदाणीसारखी पांढरी जाळी, बोहलं तळ्याकडं, पाठीमागनं सकाळचं ऊन. सगळं दिसणार. आणि श्वेताची आजी, आक्का, सोवळंओवळं पाळणारी, तिच्यापुढं पाटीलही चप्पल हातात घेऊन चालतात. आक्का काही हे चालू देणार न्हाई. सारिकाला सांगायला पाहिजे होतं मी. न्हाई सांगितलं. टेम्पोत जाड मांजरपाटाचा अंतरपाट होता, तो नीट घडी करून ठेवला आणि मजेत झोपलो.

सकाळी तळ्यावर धुकं, माणसं शाली घेऊन बसलेली. भटजींनी अंतरपाट धरायला लावला आणि धुकं फाटून ऊन आलं. सगळं दिसलं बघा. नवऱ्यानं भुवई उडवली, श्वेतानं जीभ दाखवली. भटजी मंगलाष्टक सोडून आक्काकडं बघायला लागले. सारिकाचा चेहरा पडला. मी उठलो, छाती काढून, मांजरपाट हातांवर घेऊन असा चालत गेलो जसा काही मीच नवरा. म्हटलं, आक्का, घाबरू नका, बशीर हाय.

आक्का म्हणाली, बशीर, खाली बस. मी असल्याच जाड कापडामागं उभी होते. ते बाजूला झालं तेव्हा यांचं तोंड पहिल्यांदा बघितलं. आधी दिसलं असतं तर मांडवातनंच पळाले असते. बघू दे पोरीला, चांगलं निरखून बघू दे.

साठच्या साठ माणसं हसली, भटजीसकट. मी मधोमध उभा, कापड हातात, जावं तरी कुठं. मग आक्का म्हणते, आण ते इकडं, तळ्याचं वारं लई झोंबतंय. आणि सारिकानंच ते माझ्या हातातनं घेऊन आक्काच्या खांद्यावर पांघरलं. वर सगळ्यांना सांगितलं, मुंडावळ्या बघा, माझ्या उस्तादांच्या हायत. त्यानं तर जास्तच जळलं.

आता आमच्या दुकानातही जाळी मिळते, बायकोनं आणलीय. लोक लातूरच्या लग्नांचे फोटो दाखवत येतात, सारिकासारखं करा म्हणतात, आणि मी करतो. तो मांजरपाट आक्कानं परत दिला न्हाई, थंडीत अंगावर घेती म्हणतात. पोरगी हुशार हाय, अल्ला तिला बरकत देवो. माझ्यापेक्षा जराशी कमी दिली तरी मी तक्रार करणार न्हाई.