सासूबाईंची साक्ष

नर्सिंग कॉलेजच्या व्हरांड्यात सासू चाकांच्या खुर्चीत आणि सून बाकावर, अशा दोघी प्रवेशाच्या निकालाची वाट बघत होत्या. शिपाई दाराशी उभा होता, कान मात्र दोघींकडे लावून.

"आई, मुलाखतीला तुम्हाला का आत बोलावलं?"

"सासूचं सगळं मीच करते, असं सांगितलंस ना? ते खरं का, विचारायला."

"मग?"

"म्हटलं, हात हलका आहे. जीभ नाही."

"बरं झालं."

"मग विचारलं, हिला घेतलं तर तुमचं कोण करणार?"

"काय सांगितलंत?"

"मुलगा आहे म्हटलं."

"ह्यांना तर चादरसुद्धा बदलता येत नाही."

"शिकव आजपासून. नापास झाला तर पुन्हा परीक्षा घेऊ. मी कुठे चाललेय?"